भूपिंदर : आधी गिटार, मग गळा

'दम मारो दम' कुठेही लागलं, की आशाबाईंचा आवाज सुरू व्हायच्या आधीच गिटारवर माना डोलायला लागतात. १९७१ सालच्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधली ही गिटार ज्यानं वाजवली, त्याला आपण ओळखतो ते 'दिल ढूँढता है' आणि 'नाम गुम जाएगा'चा गायक म्हणून. 'यादों की बारात'मधल्या 'चुरा लिया'ची गिटारही त्याचीच. म्हणजे भूपिंदर सिंगचा आवाज ज्यांनी कधी लक्ष देऊन ऐकला नाही, त्यांच्याही कानात त्याची बोटं वर्षानुवर्षं वाजत आहेत.

जन्म १९४०चा, अमृतसरचा. वडील नथ्था सिंग संगीतशिक्षक आणि भलतेच कडक. इतके, की लहानपणी पोराला गाण्याचाच तिटकारा आला होता. पुढे दिल्ली आकाशवाणीवर गिटारवादक म्हणून काम करत असताना १९६२ साली मदनमोहन यांनी त्याला ऐकलं आणि मुंबईला बोलावून घेतलं. 'हकीकत'मध्ये (१९६४) पहिलंच गाणं मिळालं तेही रफी, तलत आणि मन्ना डे यांच्या जोडीनं. नवख्याची एवढी मोठी पंगत! पण एवढ्यानं गायक म्हणून घर चालत नाही. पोटापाण्याला आली ती गिटार.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची कल्पना आज यायची नाही. ताडदेवचं फिल्म सेंटर असो की वांद्र्याचं मेहबूब, गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी वाजायचा. व्हायोलिनच्या रांगांत बरेचसे गोवेकर, समोर स्टाफ नोटेशनचे कागद. शेवटच्या ओळीत एखाद्याचा हात घसरला की सगळ्यांनाच पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी नुसती तयारी पुरत नाही. दुपारी एका संगीतकाराकडे हळुवार साथ आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे क्लबातला धिंगाणा, हे दोन्ही पटकन जमावं लागतं. संगीतकार पंचमच्या, म्हणजे राहुलदेव बर्मनच्या, चमूत मारुतीराव कीर तालाची बाजू सांभाळत, भानू गुप्ता रिदम गिटार, आणि ठळक उठून दिसणारे पीस बऱ्याचदा भूपिंदरकडे. रेकॉर्डच्या लेबलवर मात्र चित्रपट, संगीतकार, गीतकार, गायक. वादकाचं नाव नाही.

पडद्यावर हा माणूस पाहायचा असेल तर 'आखरी खत'मधलं (१९६६) 'रुत जवाँ जवाँ' पाहा. संगीत खय्याम यांचं. क्लबमध्ये भूपिंदर गातोय आणि ट्रम्पेट घेऊन उभा आहे चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर व्हाझ. मुंबईच्या जॅझचा हा राजा पुढच्याच वर्षी गेला. एरवी काचेमागे राहणारे दोन वादक इथे चक्क कॅमेऱ्यासमोर आहेत. मला हे गाणं चालीपेक्षा त्यासाठीच जास्त आवडतं.

त्याच्या गाण्यातही वादकाचा कान जाणवतो. आवाज जड, किंचित घोगरा. मुरक्यांचा सोस नाही. 'घरौंदा'मध्ये (१९७७) मुंबईत घर शोधत हिंडणाऱ्या अमोल पालेकरला हाच आवाज शोभला. रूना लैलासोबतचं 'दो दीवाने शहर में' असो की एकट्याचं 'एक अकेला इस शहर में', संगीत जयदेव यांचं. गळ्याला कुठेही घाई नाही. त्याच वर्षीच्या 'किनारा'त 'एक ही ख़्वाब'मध्ये गळा त्याचा आणि गिटारही त्याचीच, मधे हेमामालिनीचे बोल. गुलजारांची ती नज्म ठरावीक मापात बसणारी नाही. ओळ संपते तिथे गिटार दोन पावलं पुढे जाते आणि गळा सावकाश मागून येतो. साथीला दुसरा वादक असता तर एवढी मोकळीक घेता आली असती का, शंका आहे.

पुढे त्यानं चित्रपटातलं वाजवणं कमी केलं आणि खासगी रेकॉर्ड्सकडे वळला. १९८०च्या 'वो जो शायर था'मध्ये पुन्हा गुलजार. नंतर पत्नी मिताली मुखर्जीसोबत गझलांच्या मैफली आणि अल्बम, थेट २०२२ साली मुंबईत निधन होईपर्यंत. गझलेच्या बैठकीत त्यानं स्पॅनिश गिटार, बेस आणि ड्रम आणून बसवले. हे बाटवणं आहे असं कुणी म्हणेलही. मला विचाराल तर, त्या बैठकीत हार्मोनियमचा थोडा कंटाळा आलाच होता.