आपला माळ, आपलं शहर : मोबाइलमधून बघू या

पाहुणे आले की आपण त्यांना नळदुर्गला नेतो. पावसाळ्यात पाणीमहालावरून पडणाऱ्या धारांपुढे सगळे फोटो काढतात. पण आपल्या लोहाऱ्याच्या माळावर कुणी मोबाइल बाहेर काढत नाही. "तिथं काय आहे? नुसती दगडं अन् कुसळं," असं आपणच म्हणतो. आज या माळाचे आणि आपली माणसं पोट भरायला जातात त्या शहराचे फोटो कसे काढायचे, ते बघू.

पहिली गोष्ट उजेडाची. दुपारी बाराला ऊन डोक्यावर असतं, सावल्या पायाखाली जातात, म्हणून माळ सपाट आणि पांढुरका दिसतो. सकाळी दिवस उगवल्यावर तासभर आणि मावळण्याआधी तासभर ऊन तिरपं येतं. तेव्हा प्रत्येक ढेकळाला, बांधाला लांब सावली पडते आणि जमिनीचा चढउतार दिसू लागतो. राजस्थानच्या थर वाळवंटातल्या वाळूच्या लाटासुद्धा अशाच तिरप्या उन्हात उठून दिसतात.

दुसरी गोष्ट, जवळ जा आणि खाली बसा. बोटांनी चित्र मोठं केलं तर फोटो अंधूक येतो. त्यापेक्षा चार पावलं पुढं जावं. कुसळी गवताच्या मागे सूर्य येईल असं बसा, म्हणजे गवताची कड सोन्यासारखी चमकते. नवरात्रात घटाच्या माळेसाठी आपण तरवडाची फुलं तोडतो. तोडण्याआधी झुडपाचा एक फोटो घ्या. उन्हाळ्याच्या तोंडाला पळस फुलतो, काळी माती भेगाळते. या भेगांचीही नक्षी असते. टिटवी मात्र उघड्या जमिनीवर अंडी घालते. तिथं जवळ जाऊ नका, लांबूनच बघा.

आता शहर. पुण्या-मुंबईला लेकीकडं गेलं की आपल्याला गर्दी आणि गोंगाटच दिसतो. तिथंही उजेड शोधा. खिडकीतून पोळपाटावर पडलेलं ऊन, गॅलरीतल्या डब्यातली तुळस, पावसात भिजलेल्या रस्त्यावरचे दिवे, स्टँडवर गाठोडं घेऊन बसलेली बाई.

मुंबईतलं असं रोजचं जगणं होमाई व्यारावाला यांनी टिपलं. १९१३ साली जन्मलेल्या होमाई देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. पुढे दिल्लीत त्या साडी नेसून, कॅमेरा घेऊन सायकलवरून कामाला जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. नजर बाईची आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला नवीन नाही. म्हणून बचत गटाच्या ग्रुपवर फोटो टाकताना खाली काढणारीचं नाव लिहा.

हे सगळं कशासाठी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आपल्या भागानं सोसला. सास्तूर, होळी या भागातली किती घरं पडली, गावं नव्या जागी वसली. जुनी गल्ली, वाडा, पार कसा होता, हे आज म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतच उरलं आहे. घरात फोटो असतात ते लग्नाचे आणि कागदपत्रांना लागणारे. खुरपताना, शेळ्या राखताना, दळण निवडताना आपण कशा होतो, याचा फोटो सहसा कुणी काढत नाही. माळाचंही तसंच. ज्याला आपण पडीक म्हणतो, तो उद्या नांगरला किंवा खोदला गेला तर त्याची कुणाला हळहळसुद्धा वाटत नाही. त्याच माळावर मेंढरं चरतात, चंडोल गातात.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. फोटो काढण्याआधी मोबाइलची काच पदराच्या सुती टोकानं पुसा. माणसाला आधी विचारा, "काढू का?" आणि नाही म्हटलं तर राहू द्या. दुसऱ्याच्या लेकराचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय पुढं पाठवू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं तीन फोटो आणावेत : एक माळाचा, एक कामाच्या हातांचा, आणि एक आपल्या गल्लीचा किंवा शहरातल्या खोलीचा. ज्यांच्याकडं मोबाइल नाही, त्यांनी मैत्रिणीचा घ्यावा. प्रत्येक फोटो कुठला, कधीचा, कुणी काढला, हे वहीत लिहून ठेवू. पुढं लेकीबाळींनी विचारलं, तर दाखवायला काही तरी हाताशी असेल.