झाकणाखालची हवा

१९७९ मध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरने थंड चिकन कीव्ह हे तयार जेवण विकायला आणले. फ्रिजमधल्या तयार जेवणाने तिथे जोर धरला.

ते किती टिकेल, हे बरेचसे ट्रेवर ठरते. ट्रेचे पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक ओलावा अडवते, पण ऑक्सिजन झिरपू देते. मग तेल खवट होते. म्हणून मधे ईव्हीओएच या दुसऱ्या प्लास्टिकचा पातळ थर घालतात. हा ऑक्सिजनला पक्का, पण ओल लागली की ढिला, म्हणून त्याला दोन्हीकडून पॉलिप्रॉपिलीनचेच पांघरूण! आत हवेऐवजी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड.

पण हा बंदोबस्त क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूच्या पथ्यावर पडतो. त्याचे काही प्रकार ऑक्सिजनविना, ३ अंश सेल्सिअसलाही वाढतात. त्यामुळे ९० अंशांवर १० मिनिटे शिजवणे किंवा तितकीच भक्कम खबरदारी नसेल, तर ब्रिटनमध्ये ३ ते ८ अंशांत ठेवलेल्या अशा जेवणाला जास्तीत जास्त १० दिवसांची मुदत मिळते, वेष्टन कितीही भारी असो.