पुनरुत्थानाचे पहिले साक्षीदार

साक्षात पाहणारा तो साक्षी, असा अर्थ पाणिनीने सांगून ठेवला आहे. येशू ख्रिस्ताचे पहिले अनुयायी स्वतःला याच अर्थाने साक्षीदार म्हणवीत. क्रूसावर मरण पावलेला आमचा गुरू तिसऱ्या दिवशी उठला व आम्हांस दिसला, हे त्यांचे सांगणे. ते मानावे की न मानावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु साक्ष कोणाची आणि केव्हाची, हे आधी पाहिले पाहिजे.

सर्वांत जुनी लेखी साक्ष शुभवर्तमानांत नसून पौलाच्या पत्रात आहे. ग्रीस देशातील करिंथच्या मंडळीला त्याने हे पत्र इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास लिहिले. येशूचे मरण बहुधा इ. स. ३० मधले; म्हणजे मध्ये सुमारे पाव शतक गेले. पत्रात यादी आहे ती अशी : प्रथम केफा, म्हणजेच पेत्र; मग बारा शिष्य; मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधव; मग याकोब; मग सर्व प्रेषित; आणि अखेरीस स्वतः पौल. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो लिहितो. ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावे, असाच याचा रोख दिसतो. पौल स्वतः यरुशलेमला जाऊन केफाकडे पंधरा दिवस राहिला होता आणि याकोबालाही भेटला होता, हे त्याच्या दुसऱ्या एका पत्रावरून कळते.

या यादीत एकाही स्त्रीचे नाव नाही. उलट चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम पाहणाऱ्यांत मग्दालीया मरीया आहे. स्त्रियांची साक्ष ग्राह्य नाही, असा ज्यूंचा दंडक इतिहासकार जोसेफसने नोंदविला आहे; आणि दुसऱ्या शतकातील टीकाकार केल्सस याने या स्त्रीसाक्षीचीच टर उडविली. म्हणून कित्येक अभ्यासक म्हणतात की, कथा रचायचीच असती तर कोणी असे साक्षीदार निवडले नसते. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की, चारही वृत्तान्त जुळत नाहीत. स्त्रिया किती होत्या, येशू गालीलात दिसला की यरुशलेमात, याविषयी त्यांत भेद आहे. मार्काच्या सर्वांत जुन्या संपूर्ण प्रती तर स्त्रिया भिऊन पळाल्या व कोणाशी काही बोलल्या नाहीत, येथेच संपतात.

याकोबाची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. हा येशूचा भाऊ. येशूच्या हयातीत त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवीत नव्हते, असे योहान सांगतो. तोच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला, आणि इ. स. ६२ मध्ये महायाजक अनानस याने त्याला दगडमाराची शिक्षा देवविली, असे जोसेफस लिहितो. साक्षीदार या अर्थाचा ग्रीक शब्द ‘मार्तुस’. साक्षीपायी मरण पत्करणाऱ्यांमुळे त्यालाच पुढे हुतात्मा हा अर्थ आला.

अर्थात मरणाची तयारी ही सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची खूण आहे; सांगितलेली गोष्ट घडली, याचा तो पुरावा नव्हे. प्रामाणिक माणसाचीही चूक होऊ शकते. येशू आपल्याला दिसला, अशी या माणसांची फार लवकर खात्री झाली होती व ती त्यांनी सोडली नाही, एवढे इतिहास सांगू शकतो. त्यांनी काय पाहिले, याचा निर्णय मात्र प्रत्येकाने आपल्या श्रद्धेने व विवेकाने करावयाचा आहे.