ट्रॅक्टरच्या टायरची घरगुती दुरुस्ती : काय करावे, कोठे थांबावे

जयपूर जिल्ह्यातील खरीप हंगाम पावसाच्या मोजक्या दिवसांवर अवलंबून असतो. वर्षाकाठी पडणारा सुमारे ५०० ते ६०० मि.मी. पाऊस बहुतांशी जुलै ते सप्टेंबर या काळात येतो आणि तेथील हलक्या, वालुकामय जमिनीतील ओल झपाट्याने उडून जाते. बाजरी, मूग, गवार, भुईमूग यांच्या पेरणीस वाफसा मिळाला की ट्रॅक्टर त्याच दिवशी शेतात असावा लागतो. नेमके तेव्हाच मागचे चाक बसले आणि पंक्चरचे दुकान दूर असले, तर शेतकरी स्वतःच जॅक व पहार घेऊन कामाला लागतो. माण, जत, सांगोला किंवा आष्टी तालुक्यांतील शेतकऱ्यांनाही हा प्रसंग अपरिचित नाही.

जयपूर परिसराचे उदाहरण येथे घेण्याचे कारण असे की, टायरला हानी पोचवणाऱ्या तीन गोष्टी तेथे एकत्र आढळतात : काटा, उष्णता आणि क्षार. महाराष्ट्रात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या भागांत आहेत. त्यामुळे तेथे घ्यावी लागणारी काळजी आपल्यालाही उपयोगी पडते.

नुकसानीची तीन कारणे

पहिले कारण विलायती बाभळीचा काटा. आपण हिला वेडी बाभूळ म्हणतो. मूळच्या अमेरिका खंडातील या झाडाला १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने शाही वृक्षाचा दर्जा दिला होता. आज राजस्थानातील पडीक जमिनी, ओढ्यांचे काठ आणि जयपूरभोवतीच्या अरवलीच्या टेकड्या हिने व्यापल्या आहेत. तिचा काटा पाच सेंटिमीटरपर्यंत लांब व अतिशय कठीण असतो. तो टायरमध्ये शिरतो, चाकाखाली मोडतो आणि त्याचे टोक रबरात दडून राहते. हे टोक न काढता केलेली दुरुस्ती एक-दोन दिवसांतच निकामी होते.

दुसरे कारण उष्णता. मे महिन्यात जयपूरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असते व कधी ४५ अंशांनाही पोचते. विदर्भ व खानदेशातील स्थिती याहून वेगळी नाही. सकाळी २५ अंश तापमानात १४ पीएसआय, म्हणजे बोलीभाषेत १४ पौंड, हवा भरलेल्या टायरचे तापमान उन्हात व कामात ६० अंशांपर्यंत चढले, तर आतील घनफळ तेवढेच धरल्यास दाब साधारण १७ पौंडांवर जातो. गरम टायरमधील हा वाढीव दाब सोडून दिल्यास टायर थंड झाल्यावर हवा कमी भरते. कमी हवेवर ओझे वाहताना टायरची बाजू सारखी दुमडते आणि आतील नायलॉनचे धागे तुटू लागतात. म्हणून दाब नेहमी सकाळी, टायर थंड असताना मोजावा.

तिसरे कारण क्षार. जयपूरच्या पश्चिमेस सांभरचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे आणि त्या बाजूच्या अनेक विहिरींचे पाणी खारट आहे. मागच्या चाकात वजनासाठी असे पाणी भरल्यास व्हॉल्व्ह व रिम दोन्ही गंजतात. सांगली, कोल्हापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील क्षारपड पट्ट्यांतही हा धोका आहे. गंजाच्या खपल्यांनी ट्यूब कापली जाते. पातळ झालेली रिम हवेच्या दाबाखाली तडकू शकते, ही त्याहून गंभीर बाब आहे.

आधी तपासणी, मग निर्णय

ट्यूबमधील काट्याचे किंवा खिळ्याचे छिद्र आणि टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातील लहान भोक एवढ्याच दुरुस्त्या घरी कराव्यात. टायरच्या बाजूला पडलेला कट, बाहेर दिसणारे धागे, बीड म्हणजे रिममध्ये बसणारी पोलादी तारेची कड तुटणे, रिमला तडा जाणे, व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटणे, यांपैकी काहीही आढळल्यास काम थांबवावे आणि चाक व्हल्कनायझिंगची सोय असलेल्या कारागिराकडे न्यावे. हवा गेलेल्या अवस्थेत ट्रॅक्टर ओझ्यासह काही अंतर चालला असेल, तर टायर आतून तपासल्याशिवाय त्यात हवा भरू नये. आत रबराची भुकटी, सुरकुत्या किंवा सुटलेले धागे दिसल्यास तो टायर बाहेरून चांगला दिसत असला तरी भरवशाचा राहिलेला नसतो.

दाबाचा हिशेब

चाक लहान पंक्चरने बसले तरी कामातला धोका मोठा असतो. तो हवेच्या दाबात आणि उचलून धरलेल्या ट्रॅक्टरच्या वजनात आहे. १३.६-२८ या मापाच्या टायरचा बाहेरील व्यास सुमारे १३० सेंटिमीटर व रिमचा व्यास ७१ सेंटिमीटर असतो. म्हणजे टायरच्या एका बाजूचे क्षेत्रफळ ढोबळमानाने साडेनऊ हजार चौरस सेंटिमीटर होते. १४ पौंडांचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो. या हिशेबाने साध्या कामाच्या दाबालाही त्या एका बाजूवर नऊ टनांहून अधिक जोर असतो. ३५ पौंडांना तो तेवीस टनांवर जातो. ट्रक दुरुस्तीच्या दुकानातील कॉम्प्रेसर शंभर पौंडांहून अधिक दाब देऊ शकतो. त्याची नळी लावून ‘अंदाजाने’ हवा भरणे म्हणजे काय, हे या आकड्यांवरून लक्षात यावे.

ट्रॅक्टर उचलण्यापूर्वी

ट्रॅक्टर सपाट व घट्ट जमिनीवर आणावा. अवजार खाली टेकवावे किंवा सोडून ठेवावे, इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी, गिअर व हातब्रेक लावावा. उरलेल्या चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. वाळूत जॅक एका बाजूने रुततो. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात तेच घडते. म्हणून जॅकखाली जाड व रुंद फळी घ्यावी. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, मागच्या धुऱ्याच्या भक्कम भागाखाली लावावा. चाक जमिनीवरून सुटताच धुऱ्याखाली लोखंडी स्टँड किंवा आडवे-उभे रचलेले भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. विटा आणि दगड भाराखाली अचानक फुटतात, त्यामुळे ते आधार म्हणून वापरू नयेत. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही हात किंवा पाय घालू नये.

मागचे चाक शक्यतो काढू नये. पाणी भरलेले असल्यास १३.६-२८ टायरमध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी असते. त्यावर लोखंडी वजने व रिम यांचा भार येतो आणि कलंडणारे चाक दोघा-तिघांनाही आवरत नाही. चाक जागेवरच ठेवून टायरची बाहेरची कड उतरवली तर ट्यूब सहज ओढून काढता येते.

हवा काढणे व टायर उतरवणे

चाकात पाणी असल्यास व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणून आधी हवा सोडावी, नंतर व्हॉल्व्ह खाली आणून पाणी काढावे. व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढून टाकावी. हे करताना चेहरा बाजूला ठेवावा. हवेचा आवाज थांबला म्हणजे टायर रिकामा झाला असे मानू नये, कारण चिखलाने किंवा गंजाने मार्ग बुजलेला असू शकतो. बारीक तार आत घालून खात्री करावी. टायरमध्ये हवा असताना रिम व चकती जोडणारे नट कधीही सैल करू नयेत.

हवा काढल्यानंतर व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने खूण करावी आणि ट्यूबच्या बाहेरच्या बाजूसही खूण करावी. या खुणांचा उपयोग पुढे होतो. कड सोडवण्यासाठी गोल टोकाच्या टॉमी घ्याव्यात. पहारीच्या धारदार टोकाने ट्यूब फाटते व बीडची तार दुखावते. घट्ट बसलेली कड सुटावी म्हणून रिम तापवू नये. टायर बसलेल्या रिमवर वेल्डिंग तर मुळीच करू नये. हवा काढलेली असली तरी उष्णतेने टायरच्या आत ज्वालाग्राही वायू तयार होतात व त्यांचा स्फोट होतो. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांतून ही सूचना आवर्जून पोचवली पाहिजे.

काटा शोधणे व ठिगळ लावणे

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्यात बुडवावी व बुडबुड्याच्या जागी खूण करावी. व्हॉल्व्हपासून त्या छिद्रापर्यंतचे अंतर मोजून, आधीच्या खुणांच्या आधारे तेवढ्याच अंतरावर टायर पाहिल्यास काट्याची जागा सापडते. टायरच्या आतून उघडा हात फिरवू नये. कापड फिरवावे, ते दडलेल्या टोकाला अडकते. टोक पक्कडीने ओढून काढावे. एक काटा सापडला तरी संपूर्ण टायर आतून तपासावा, कारण काटेरी कुंपणावरून गेलेल्या चाकात बहुधा एकाहून अधिक काटे असतात.

ठिगळ छिद्राच्या चोहोबाजूंनी किमान दोन-तीन सेंटिमीटर पुरेल एवढे घ्यावे. ट्यूब कोरडी करून पॉलिश पेपरने घासावी, धूळ पुसावी व सोल्यूशनचा पातळ थर द्यावा. थर बोटाला न लागण्याइतका सुकू द्यावा आणि मग ठिगळ मध्यापासून कडेकडे दाबत बसवावे. ओल्या थरावर लावलेले ठिगळ उन्हाने तापलेल्या टायरमध्ये सुटते. हे काम सावलीत करावे. सोल्यूशन पेट घेते, म्हणून जवळ विडी, काडी किंवा चूल नसावी. ठिगळावर ठिगळ लावू नये. जोडावर फाटलेली किंवा लांब चिरलेली ट्यूब बदलणेच योग्य.

टायरमधील लहान भोकावर आतून गेटर ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. हंगामातील निकड भागवण्यापुरती ती ठीक आहे, पण धागे तुटलेले असल्यास गेटर केवळ ट्यूबला झाकतो, टायरला बळकटी देत नाही. पेरणी उरकताच असा टायर कारागिराला दाखवावा.

पुन्हा जोडणी व हवा भरणे

रिम तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा, तडे पाहावेत व रेड ऑक्साइडचा हात द्यावा. टायरच्या आत व ट्यूबवर टाल्कम पावडर लावावी. ट्यूबमध्ये सुरकुत्या जाण्यापुरती हवा भरून ती बसवावी व व्हॉल्व्ह सरळ ठेवावा. कड सरकण्यासाठी साबणाचे दाट पाणी लावावे. डिझेल, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर फुगते व कुजते.

हवा भरताना चाक ट्रॅक्टरवर पक्के बसलेले असावे. व्हॉल्व्हला अडकून राहणारी चिमट्याची नळी वापरावी. नळी लांब असावी. भरणाऱ्याने टायरच्या बाजूसमोर कधीही उभे राहू नये. चाकाच्या पुढे किंवा मागे, दूर उभे राहावे आणि मुलांना तेथे येऊ देऊ नये. दाब मापकाने वारंवार पाहावा. कड रिमवर बसवण्यासाठी ३५ पौंडांची मर्यादा ओलांडू नये. टायरवर याहून कमी आकडा लिहिला असेल तर तोच पाळावा. तेवढ्या दाबाला कड सर्व बाजूंनी सारखी बसली नाही, तर पूर्ण हवा काढून पुन्हा साबणपाणी लावावे. अडलेल्या कडेवर आणखी दाब दिल्यास बीडची तार तुटते. बहुतेक भीषण अपघातांची सुरुवात येथेच होते. फुगलेल्या टायरवर हातोडा मारून कड बसवण्याचा प्रयत्नही करू नये.

कड नीट बसल्यावर एकदा सगळी हवा सोडून पुन्हा भरावी, म्हणजे ट्यूबला पडलेले पीळ निघतात. नंतर पुस्तिकेप्रमाणे कामाचा दाब ठेवावा. शेतकामासाठी मागील टायरचा दाब सामान्यतः १२ ते १४ पौंड असतो, पुढील लहान टायरचा त्याच्या जवळपास दुप्पट. चाकाचे नट सैल केले असतील तर ते समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत व दोन-तीन तासांच्या कामानंतर पुन्हा तपासावेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ट्रॅक्टरच्या प्रशिक्षणात इंजिन व अवजारे यांना जेवढा वेळ मिळतो, तेवढा चाकांना मिळत नाही. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्था १९५५ पासून ट्रॅक्टरचे प्रशिक्षण देत आली आहे. गावपातळीवर मात्र हे काम कृषी विज्ञान केंद्रे व शेतकरी गटांनीच करावयाचे आहे. पेरणीपूर्व मेळाव्यात अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक पुरेसे आहे : ठोकळे व स्टँड लावणे, व्हॉल्व्हची पिन काढून तारेने खात्री करणे, बाजूला उभे राहून मापकाने हवा भरणे. दाबमापक, लोखंडी स्टँडची जोडी, चिमट्याची लांब नळी आणि जाड फळी एवढे साहित्य गटाने सामाईक ठेवले तर एका सदस्यावर फारसा भार येत नाही.

वेडी बाभूळ शेताच्या बांधावरून काढताना तोडलेल्या फांद्या ट्रॅक्टरच्या वाटेवर पडू न देणे, सकाळी चाकांवरून नजर फिरवणे आणि आठवड्यातून एकदा दाब मोजणे, ही तीन कामे केल्यास घरी टायर उघडण्याची वेळच कमी येईल. तशी वेळ आलीच, तर पेरणीचा अर्धा दिवस गेला तरी चालेल, पण वरील क्रमातील कोणतीही पायरी वगळू नये.