चटणी म्हणजे चटणी नव्हे!

फर्स्ट इयरला आमच्या मेसला रविवारी रात्री सुट्टी असायची. बाकीच्या मुली ग्रुपने बाहेर जेवायला जायच्या आणि मी रूमवर ब्रेड-जॅम खात बसायची. सगळ्यांना सांगायची, "मला तिखट चालत नाही." खरं कारण वेगळंच होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे... असो! खानावळीत काय मागायचं ते कळणार नाही आणि चारचौघांत हसं होईल, ही भीती. दिवाळीपर्यंत "मला इथून ट्रान्सफर घ्यायचीय" असं घरी दोनदा सांगूनही झालं होतं.

एका रविवारी रूममेट म्हणाली, "चल की गं, मी एकटी कुठं जातो?" (ती कागलची. इकडच्या मुली 'मी जातो', 'मी खातो' म्हणतात, हे कळायला मला महिना लागला.) गेले.

मटणाचं ताट आलं. सुकं मटण, भाकरी, दही-कांदा आणि दोन वाट्या, एक लाल, एक पांढरी. पहिला घास घेऊन रूममेट म्हणाली, "आज चटणी जरा जास्त पडलीय." मी ताटात शोधू लागले. हिरवी चटणी कुठेच नाही! मी वाढणाऱ्या मामांना विचारलं, "मामा, मला चटणी नाही दिली?" सगळं टेबल हसलं. मामा मात्र हसले नाहीत. वाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही काय, ह्याच्यातच हाय."

तर मंडळी, कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात वर्षभराची एकदम करतात. रंगासाठी ब्याडगी मिरची, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, शिवाय कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ, सगळं भाजून डंकावर कांडून आणायचं. म्हणजे लाल दिसतं तितकं सगळंच जाळ नसतं, बराचसा रंग ब्याडगीचा!

दोन्ही रश्श्यांचं मूळ एकच. मटण शिजवलेलं आळणी पाणी. त्यात चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण गेलं की तांबडा. नारळाचं दूध, खसखस, काजू आणि खडा मसाला गेला की पांढरा. पांढरा फार उकळू द्यायचा नाही, नाहीतर फाटतो. आपल्या भाषेत, इमल्शन तुटतं.

आता जीभ भाजली की पाणी पिणाऱ्यांसाठी थोडं सायन्स. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळतं. पाण्याने आग फक्त तोंडभर पसरते! जिभेवरचा जो रिसेप्टर उष्णता ओळखतो, तोच कॅप्सेसिनने चालू होतो, म्हणून मेंदूला खरंच भाजल्यासारखं वाटतं. हा रिसेप्टर 1997 साली सापडला आणि त्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. मामांना हे ठाऊक नसावं, पण माझे डोळे पाणावलेले बघून ग्लास बाजूला सरकवून त्यांनी पांढऱ्याची दुसरी वाटी ठेवली. "भुरका मारा ताई. चमच्यानं नाही, वाटी तोंडाला लावून." तांबडा-पांढरा पुन्हा पुन्हा वाढतात, हेही तेव्हाच कळलं. संकोच करू नका.

गंमत म्हणजे ही मिरची मूळची आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणली. त्यांनीच ती आफ्रिकेत नेली, मोझांबिककडे तिचं पिरी-पिरी झालं. इथे चटणी झाली!

शाकाहारी मंडळींनी नाराज होऊ नये. मिसळ आहे, अख्खा मसूर आहे. मिसळीबरोबर इथे गोल पाव नाही, ब्रेडचे स्लाइस येतात, आणि कट वेगळा मागता येतो. पहिल्यांदा कट कमीच घ्या. फक्त बाहेरगावी मेनूकार्डावर असतं ते 'व्हेज कोल्हापुरी' इथे शोधू नका. मी शोधलं, रूममेट अजून चिडवते.

मेसला रविवारी अजूनही सुट्टी असते. या रविवारी फर्स्ट इयरच्या दोघींना नेतेय. एकीने आत्ताच हळूच विचारलं, "दीदी, स्पून मिळेल ना?" मिळतो गं.