मूठ मिटेना तेव्हा

धान कापताना डाव्या हाताच्या मुठीत बुंधे घट्ट आवळावे लागतात, तरच उजव्या हातातला विळा चालतो. 2024 च्या दिवाळीनंतर आमच्या बांधीत उभी राहिले आणि माझी मूठच मिटेना. ताप येऊन गेला होता गणपतीत. आठवडाभरात उतरला, अंगावरचे चट्टेही गेले. पण रोज सकाळी बोटं लाकडासारखी ताठ, मनगटं सुजलेली, आणि घोटे असे ठणकायचे की खाटेवरून पाय खाली टेकवताना डोळ्यांत पाणी यायचं. मी भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीत अंगणवाडी सेविका आहे. लेकरांना उचलून घेता येईना, रजिस्टर भरताना हातातून पेन सुटायचा. घरचे म्हणायचे, "ताप गेला ना, मग आता काय?"

माझा ताप चिकुनगुनियाचा होता, आणि त्याचं नेमकं हेच दुखणं आहे. त्या वर्षी नागपुरात त्याची मोठी साथ होती. विषाणू रक्तातून लवकर जातो, सांध्यांतली सूज मात्र मागे राहते. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं. काहींना महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षं त्रास होतो. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना जास्त. महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती. मग तीसेक वर्षं तो जवळजवळ दिसलाच नाही, आणि 2006 मध्ये देशभरात 13 लाखांहून जास्त संशयित रुग्ण झाले. इतक्या लोकांचे सांधे दुखले, तरी खेड्यात या मागे उरलेल्या दुखण्याची कोणी नोंद घेत नाही, याचा मला राग येतो.

नोंद घेत नाहीत म्हणून बायका इंजेक्शनकडे वळतात. एक टोचलं की दोन दिवस अंग हलकं वाटतं. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. तपासणीशिवाय ते पुन्हा पुन्हा घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. माझ्या शेजारच्या काकूंचं तसंच चाललं होतं.

माझा भाऊ नागपुरात राहतो. त्याच्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई ॲलोपॅथीच्या असून ॲक्युपंक्चरही करतात. त्यांनी सुईला हात लावण्याआधी रक्त तपासायला पाठवलं, कारण चिकुनगुनियानंतरच्या दुखण्याआड खरा आमवात लपलेला असू शकतो, आणि त्याला वेळेवर औषध नाही मिळालं तर सांधे वाकडे होतात. माझा अहवाल चांगला आला. मग त्यांनी माझ्यासमोर नवं पाकीट फाडलं. सुई केसासारखी बारीक, आत पोकळी नाही, औषध नाही. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल जागी छोटी नळी टेकवली, वरून बोटाने टिचकी मारली. टोचल्याचं कळलंही नाही. त्यांनी सुई हलकेच फिरवली तेव्हा मात्र आत एक जडपणा, गोड ठणका उठला आणि मनगटापर्यंत सरकला. गुडघ्याखाली, घोट्याजवळ आणखी सुया. वीसेक मिनिटं पडून राहायचं. दिव्याच्या उबेत मला झोप लागली.

मूळ विद्या चीनची, पण तिच्या भारतातल्या वाटेवर आपली माणसं आहेत. 1938 मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. बिजय कुमार बसू 1958 मध्ये पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि परतून कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली.

चिनी शास्त्र शरीरात वाहणाऱ्या 'ची' नावाच्या शक्तीबद्दल बोलतं. ती कोणाला यंत्रावर दिसलेली नाही. मला पटतं ते डॉक्टरबाईंनी सांगितलेलं: सुईने मज्जातंतू चाळवले जातात आणि मेंदू वेदना दाबणारी स्वतःची रसायनं सोडतो. 2012 साली जवळपास 18 हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. पाठ, मान, खांदा, गुडघा आणि डोकं यांचं जुनं दुखणं सुयांनी कमी झालं होतं. पण ज्यांना नुसतं सुया टोचल्याचं भासवलं किंवा भलत्याच जागी टोचलं, त्यांनाही बराच आराम पडला होता. खऱ्या सुया थोड्याच सरस ठरल्या. चिकुनगुनियासाठी तेवढाही भक्कम पुरावा नाही.

मला आधी झोप लागू लागली. हिवाळा सरता सरता सकाळची ताठरता कमी झाली. त्याच काळात मी कोमट पाण्यात बोटं मिटण्या-उघडण्याचा व्यायाम करत होते आणि महिनेही उलटत होते. आराम पडला हे मी ठामपणे सांगते. पण त्यातला किती वाटा सुयांचा, हे कोणीही सांगू शकणार नाही. तरी दुखण्याने पिचलेल्या बाईला मी सांगेन, परवडत असेल तर करून बघ. मात्र आधी तपासणी कर, चालू औषध सोडू नकोस, आणि सुई नवीन पाकिटातलीच हवी म्हण. जुन्या सुईतून कावीळ होऊ शकते, चुकीच्या हाताने छातीत खोल गेलेली सुई फुप्फुसाला इजा करते. महाराष्ट्रात 2015 चा ॲक्युपंक्चर कायदा आहे, त्याखाली परिषद आहे. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारायला लाजायचं नाही.

खरी अडचण परवडण्याची. दिघोरीहून नागपूरला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो आणि रोवण्याच्या किंवा कापणीच्या दिवसांत मजुरी बुडते. मला भावाचं घर होतं. शेजारच्या काकूंना मी लाखांदूरच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथे रक्त तपासलं गेलं, आणि त्यांना आमवात निघाला. आता त्यांची गोळी सुरू आहे. माझ्या अंगणवाडीत येणाऱ्या आयांमध्ये अजून ज्यांची बोटं सकाळी ताठ होतात, त्यांची नावं मी एका वहीत लिहून घेतली आहेत. पुढच्या आरोग्य शिबिरात ती वही डॉक्टरांपुढे ठेवणार आहे.