अंधाऱ्या दालनाचा राजा आणि मातीची भिंत

चौकटीतले चित्र पाहिले की आपण चित्रकाराचे नाव विचारतो. भिंतीवरच्या शिल्पाच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. लोक त्याच्यासमोरून रोज ये-जा करतात आणि ते भिंतीचाच भाग समजतात. अशाच एका भिंतीची ओळख मी येथे करून देणार आहे. ती लखनौची आहे, परंतु तिचा कर्ता काही काळ आपल्या मुंबईत नोकरीस होता.

हे कलावंत म्हणजे के. जी. सुब्रमण्यन (१९२४–२०१६). जन्म केरळातला, शिक्षण शांतिनिकेतनात. नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी व रामकिंकर बैज हे त्यांचे गुरू. पुढे सयाजीरावांच्या बडोद्यातील विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. मधल्या काळात, १९५९ ते १९६१, ते मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळात होते.

रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त लखनौला चारबाग स्थानकासमोर रवींद्रालय हे नाट्यगृह उभे राहिले. त्याच्या बाहेरील भिंतीवर सुब्रमण्यन यांनी १९६३ मध्ये भाजलेल्या मातीचे उठावाचे शिल्प केले. ते सुमारे ८० फूट लांब व ९ फूट उंच आहे. विषय रवींद्रनाथांच्या 'राजा' या नाटकाचा. त्यातील राणी सुदर्शना आपल्या राजाला केवळ अंधारातच भेटते. त्याला उजेडात पाहण्याच्या हट्टापायी ती एका तोतयाच्या रूपाला भुलते.

एवढी मोठी भिंत मातीची करायची कशी? माती वाळताना व भाजताना आकसते. मोठा सलग पत्रा वेडावाकडा होतो, तडकतो. आत ओल राहिली तर भट्टीत फुटतो. शिवाय भट्टीचे तोंड ते केवढे! म्हणून काम लहान लहान तुकड्यांत करावे लागते. तुकडे वेगवेगळे घडवायचे, भाजायचे आणि मग भिंतीवर जुळवायचे. सुब्रमण्यन यांनी ही अडचण लपवली नाही. तिचीच त्यांनी रचना केली. मातीच्या पट्ट्या, चकत्या, वळ्या असे साधे आकार पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या तऱ्हेने मांडून त्यांनी माणसे उभी केली. विणकर ताण्याबाण्यातून नक्षी काढतो, तशीच ही रीत. हातमागाच्या सहवासाचा हा संस्कार असावा, असे मला वाटते.

'कला' वरची आणि 'कारागिरी' खालची, ही उतरंड आपण अजून मनात बाळगून आहोत. कुंभाराचे हात आणि चित्रकाराची नजर वेगळी काढता येत नाही, हे ही भिंत दाखवते. आपल्या ठाणे जिल्ह्यात वारली घरांच्या भिंती शतकानुशतके हेच सांगत आल्या आहेत. आपल्या भाईंदरला काम करणारे कुंभार-कलावंत ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची कला तरी आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे?

चित्र भिंतीवरून उतरवून दुसरीकडे नेता येते. भित्तिशिल्पाचे आयुष्य मात्र इमारतीशी बांधलेले असते. मीरा-भाईंदरात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. अशा वेळी भिंत पाडण्याआधी तिच्यावर काय आहे, ते कोणी केले, एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांनी लावून घेतली, तरी पुष्कळ वाचेल.